उजेडाकडची पिल्लं

डिंडोलीच्या नाक्यावर पुन्हा बॅनर चढायला लागले आहेत. दहावीचा निकाल लागला की आधी घरोघर पेढे येतात, आणि मग टेंपोतून बांबू, सुतळ्या आणि गुंडाळलेले फ्लेक्स उतरतात. विजेच्या खांबावर, रिक्षा स्टँडच्या पत्र्यावर, खमणच्या गाडीमागे, जागा मिळेल तिथे गुणवंतांचे चेहरे टांगले जातात. सगळ्यांचे केस पाणी लावून बसवलेले, सगळ्यांच्या मागे तोच एक सूर्य उगवतोय, आणि मधोमध सर्वांत मोठा फोटो क्लासच्या सरांचा, हाताची घडी घातलेला. परीक्षा मुलांनी दिली आणि पास सर झाले, असं वाटावं. मला या बॅनरांची किळस येते. जरा सौम्य शब्द शोधत होते, पण सापडला नाही.

लोक मात्र थांबून बघतात. लूमच्या पाळीवरून सुटलेले बाप खाली उभे राहून टक्के वाचतात, आपल्या पोराच्या पाठीत एक हलकी चापट मारतात आणि म्हणतात, "बघ, शिक काहीतरी." पोरगा बघतो. त्याला बॅनरवर स्वतःच्या वर्गातले चार चेहरे दिसतात आणि वर्गातले बाकीचे सगळे आठवतात. बापाला फक्त चार दिसतात.

मी पांडेसऱ्यात एका प्रयोगशाळेत रंगाच्या मिलांचं पाणी तपासते. त्या पाण्याविषयी इथे काही लिहीत नाही, कारण ते न लिहिताच दिसतं. संध्याकाळी शेअर रिक्षाने घरी येताना हे बॅनर लागले की माझ्या नाकात मिलच्या वासाऐवजी खाडीचा वास येतो. चिखल, तिवरांची कुजलेली पानं, माशाचं तेल आणि क्लोरीन. मुक्ता, माझी मुलगी, तेव्हा नुकती अंगणवाडीत जायला लागली होती. त्या पावसाळ्यात मी जिताडा माशाच्या पिल्लांची शरीरं तपासायची नोकरी केली. एकच हंगाम. पण मेला तो दर वर्षी न चुकता परत येतो.

तेव्हा मी इच्छापोरला बसने उतरायचे आणि तिथून कारखान्याचा छोटा हत्ती टेंपो आम्हाला खाडीकडे न्यायचा. कारखाना म्हणते, कारण शेठही तसंच म्हणायचा. शेठची मूळची मिल पांडेसऱ्यात, साड्यांना रंग देण्याची. त्याला कुणीतरी सांगितलं की झिंग्याच्या, म्हणजे कोळंबीच्या, तळ्यांत आता लोक जिताडा सोडायला लागलेत आणि त्याच्या पिल्लांना, म्हणजे बियाला, मागणी आहे. शेठने खाडीकाठी शेड घातली, निळ्या टाक्या मांडल्या, कुठूनसे अंडी घालणारे मोठे मासे आणले, आणि हे सगळं सांभाळायला मिलमधला फोल्डिंग मास्तर आणून बसवला. समुद्र हा शेठला खारट पाण्याची मोठी मिल वाटत असावा.

फोल्डिंग मास्तरचं नाव भटू. आमच्याच खान्देशातला, शिरपूरकडचा. उभा जन्म रंगवून आलेल्या कापडाच्या घड्या घालण्यात आणि माल निवडण्यात गेलेला. चांगला तो फ्रेश, डाग असलेला तो सेकंड, आणि उरलेली चिंधी. गळ्यात माळ, मासा कधी चाखला नाही, आणि त्याचं त्याला एवढं कौतुक की टाकीत हात घालून झाला की तो दर वेळी साबणाने कोपरापर्यंत धुवायचा. पिल्लांनाही तो फ्रेश आणि सेकंडच म्हणायचा. पहिल्या दिवशी मला हसू आलं. नंतर आलं नाही.

जिताड्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा ते एका पारदर्शक धाग्याच्या तुकड्याएवढं असतं. पोटाखाली बलकाची पिशवी आणि तिच्यात तेलाचा एक थेंब. आईने बरोबर दिलेली शिदोरी तेवढीच. तोंड फुटेपर्यंत त्यावर काढायचं. मग पाण्यात सोडलेला जिवंत चारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे, ते पकडून खायचे. त्या किड्यांत स्वतःचं असं फारसं सत्त्व नसतं. त्यांना आधी माशाच्या तेलाचं दूध पाजावं लागतं, तेव्हा ते तेल पिल्लाच्या पोटात जातं, आणि त्यातून मेंदू, डोळे, नसा घडतात. तेल कमी पडलं तर पिल्लू पोहताना धड दिसतं, पण जाळीत उचललं की धक्क्याने ताठ होऊन मरतं.

आणि एकाच आईची, एकाच दिवशीची, एकाच टाकीतली पिल्लं सारखी वाढत नाहीत. थोड्याच दिवसांत एक तांदळाच्या दाण्याएवढं होतं आणि दुसरं जिऱ्यापेक्षा बारीक राहतं. रक्तातलं काही थोडं असेलही, पण बरंचसं पहिल्या घासावर ठरतं. ज्याच्या तोंडासमोरून पहिला किडा गेला त्याला दुसरा पकडायची ताकद येते. ज्याचा हुकला ते आधी अंगातलं तेल जाळतं, मग स्वतःचं मांस. तेल आणि मांस गेलं की तिथे पाणी भरतं. म्हणून उपाशी पिल्लं ओव्हनमध्ये वाळवली की ताटलीत जवळजवळ काही उरत नाही. माझं काम हेच होतं. पिल्लं वाळवायची, त्यांतलं तेल काढायचं, मोजायचं आणि शेठला सांगायचं.

घरी त्याच महिन्यात अंगणवाडीच्या बाई मुक्ताला झोळीच्या काट्यात बसवून तोंड वाकडं करत होत्या. पोर बारीक होती, अजूनही आहे. चाळीतल्या बायका तिला उचलून बघायच्या आणि वांगं हलकं निघाल्यासारखी परत ठेवायच्या. एक म्हणाली, "हिचं काही खरं नाही." माझी माय उंबऱ्यात बसून साड्यांना खडे चिकटवत होती. माय घरात अहिराणीच बोलते, आणि भांडताना तर फक्त अहिराणी. मान वर न करता म्हणाली, "ती वाढी. तुमले कसानी घाई शे?" वाढेल ती, तुम्हाला कसली घाई! त्या बाईला माझ्या मायपेक्षा चांगलं उत्तर आजवर कुणी दिलं नसेल.

तर तेल. मी भटू मास्तरकडे प्रत्येक टाकीचा सँपल मागायचे आणि तो स्टीलच्या घासलेल्या डब्यात आणून द्यायचा. पिल्लं कशी, टपोरी, चपळ. तेल भरपूर निघायचं. शेठ खूश. आणि खूश झाला की शेठला एकच सुचायचं. तो म्हणाला, "रिपोर्ट तो मस्त है बेन, फिर इतना तेल काहे को पिलाते हो?" दुसऱ्या दिवसापासून चाऱ्याच्या तेलात पाणी पडू लागलं. मिलमध्ये रंग पातळ करून भागतं, तेव्हा इथेही भागेल, एवढंच त्याचं शास्त्र. पुढचा सँपलही टपोराच आला. तेल आणखी पातळ झालं.

टाक्या मात्र रिकाम्या होत होत्या. गजबजलेलं पाणी आठवड्याभरात विरळ दिसायचं. मेलेली पिल्लं तळाशी साचतात, पांढुरकी, ती नळीने ओढून काढतात. पण तळाशी एवढी नव्हतीच. मी भटूला विचारलं, "मास्तर, बाकीची कुठे गेली?"

तो टाकीकडे बघत म्हणाला, "ताई, बारीक जीव शे. पानीम्हा इरी ग्यात व्हतीन."

पाण्यात विरली म्हणे. बत्तासे होते जणू. एवढ्या आत्मविश्वासाने मूर्खपणा करायला माणसाला अनुभवच लागतो. आणि त्याच्यापेक्षा मला त्याच्या शेठचा जास्त राग आला, कारण भटूने निदान टाकीकडे बघितलं तरी होतं, शेठ फक्त रिपोर्ट बघायचा.

त्या दिवशी मी तो सँपल कसा काढतो ते बघायला उभी राहिले. टाकीच्या एका कोपऱ्यावर बल्ब होता. पिल्लं उजेडाकडे झेपावतात, आणि जी धडधाकट तीच तिथवर पोचतात. भटू जाळी घेऊन नेमका त्या कोपऱ्यात उभा राहायचा, वरच्या वर टपोरी पिल्लं उचलायचा, त्यातूनही एखादं मरतुकडं आलं तर बोटाने परत टाकायचा. मी विचारलं, असं का? तो दुखावला. "ताई, तुमनासाठे चांगला चांगला निवडीसन लई उनू," म्हणाला. माझ्यासाठी निवडून आणायचा. मिलमध्ये पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, दाखवायचा तुकडा कुणी डागाळलेल्या ताग्यातून कापतं का? सर्वांत चांगल्या ताग्यातून, सर्वांत चांगल्या जागी कात्री लावायची आणि त्यावर शिक्का मारायचा. सँपल म्हणजे हेच, असं तो आयुष्यभर शिकला होता. प्रयोगशाळाही त्याला पार्टीच वाटली. त्याने मला फसवलं नाही, माझा मान राखला. हे कळल्यावर मला त्याच्यावर धड चिडताही येईना, आणि ते जास्त वैतागवाणं होतं.

मी स्वतः टाकी ढवळली, बल्ब बंद करायला लावला, आणि मधून, तळातून, अंधाऱ्या कडेने पाणी घेतलं. वाळवल्यावर ताटलीत खरोखर काही उरलं नाही. ही पिल्लं पाण्याने भरलेली होती. मग उजेडाकडच्या पिल्लांच्या अंगात एवढं तेल आलं कुठून? चारा तर एकच, आणि तोही पातळ केलेला. मी त्यातलं एक टपोरं पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. या वयात त्यांचं पोट काचेसारखं असतं. आत दोन काळे ठिपके दिसले, शेजारी शेजारी. मी भिंग सरकवलं. ते डोळे होते. बाकीचं अंग पचलं होतं, डोळे राहिले होते. दुसरं पिल्लू ठेवलं, त्याच्याही पोटात डोळे.

म्हणजे बाकीची कुठे गेली याचं उत्तर मिळालं. तळाशी प्रेतं नव्हती, कारण ती उजेडाच्या कोपऱ्यात पोहत होती, फ्रेश मालाच्या पोटात. आणि ज्या तेलाचं शेठला कौतुक वाटत होतं ते चाऱ्याचं नव्हतंच. ते भावंडांचं तेल होतं. धाकट्यांच्या अंगात जेवढं थोडं होतं तेवढं एकवटून थोरल्यांच्या अंगात गेलं होतं आणि मी ते ग्रॅममध्ये मोजून देत होते. रिपोर्ट जितका चांगला, तितकं तेल पातळ. तेल जितकं पातळ, तितकी बारीक पिल्लं जास्त. आणि बारीक जास्त तितकी थोरल्यांची चंगळ. मासे मासे खातात, त्यात नवल नाही, त्यांना शेठचा सल्ला लागत नाही. मला खुपला तो माझ्या रिपोर्टातला, सहीनिशी लिहिलेला 'उत्तम' हा शब्द.

शेठ आला तेव्हा मी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. त्याने एक डोळा मिटून पाहिलं आणि "वाह" म्हणाला. मी समजावून सांगितलं. मोठी छोट्यांना खातायत, तेल पुरेसं द्या, वेळच्या वेळी चाळून मोठी वेगळी काढा, छोट्यांना स्वतंत्र टाकी द्या, नाहीतर निम्म्याहून जास्त जातील. त्याने घड्याळात बघितलं. मी म्हटलं, "शेठ, उद्या कुणी विचारलं की बाकीची कुठे गेली, तर काय सांगायचं?"

"कौन पूछता है, बेन?" तो म्हणाला. "फ्रेश कितना निकला, वो बोलो." त्याच्या आवाजात जराही खोट नव्हती. त्याला मनापासून वाटत होतं की हा प्रश्न जगात कुणाला पडतच नाही.

भटूने विक्रीच्या वेळी चाळून बाजूला काढलेली सेकंड पिल्लं मागच्या टाकीत होती, खाडीत सोडून द्यायला ठेवलेली. ती मी मागून घेतली. शेठ म्हणाला, करा टाइमपास. मी त्यांना तेल पाजलेला चारा दिला, थोडा थोडा, दिवसभर, कुणी मोठं त्यांच्या डोक्यावर नसताना. सगळी जगली असं सांगितलं तर ती गोष्ट होईल. बरीच मेली. पण जी राहिली ती वाढायला लागली. अंगातलं पाणी ओसरलं, तेल धरलं, जाळीत उचलली तर फडफडून परत पाण्यात उडी मारू लागली. पाऊस थांबेपर्यंत ती उजेडाकडच्या पिल्लांएवढी झाली. त्या दिवसांत मी घरी येऊन मुक्ताला उगाचच उचलून घ्यायचे. मला आनंद झाला होता आणि तो कुणाला सांगावा कळत नव्हतं.

मग शेठ एका पार्टीला घेऊन आला. मागच्या टाकीशी थांबला, वाकून बघितलं. "अरे, ये तो फ्रेश है," म्हणाला, आणि भटूला हाक मारली. भटूने चाळणी आणली आणि त्यांच्यातून पुन्हा फ्रेश आणि सेकंड काढले. जी पिल्लं कालपर्यंत सगळीच सेकंड होती, त्यांतलीच खालची खाडीत गेली. टाकी रिकामी झाल्यावर भटूने कोपरापर्यंत हात धुतले. मी त्या आठवड्यात नोकरी सोडली. शेठला ते कळायला वेळ लागला असावा.

एरवी हे सगळं वर्षातून एकदा आठवायचं आणि जायचं. पण गेल्या वर्षी मुक्ता दहावीत गेली आणि तो शेठ मला पुन्हा भेटला, या वेळी क्लासच्या सरांच्या रूपात, शर्टाच्या खिशाला तीन पेनं लावून. डिंडोलीतला तिचा क्लास. पहिल्याच चाचणीनंतर सरांनी मुलींचा वर्ग चाळला. वरची स्टार बॅच, तिला सर स्वतः शिकवणार, खाली एसीच्या खोलीत. उरलेली गच्चीवरच्या पत्र्याखाली, तिथे कॉलेजातला एक मुलगा आठवड्यातून काही दिवस यायचा आणि मोबाइलमध्ये बघून उत्तरं लिहून द्यायचा. मुक्ता पत्र्याखाली. तिच्याच बाकावर पूजा, तिची मैत्रीण, मार्क दोघींना सारखेच.

दिवाळीनंतर सरांनी पत्र्याखालच्या पालकांना बोलावलं. आमच्या बोर्डात दहावीला गणित दोन प्रकारचं असतं. बेसिक घेतलं तर पेपर सोपा जातो, पण पुढे सायन्सचा दरवाजा बंद. सर म्हणाले, या बॅचने सगळ्यांनी बेसिक घ्यावं, मुलींचं कल्याण त्यातच आहे. मला म्हणाले, "मुलगी मेहनती आहे, पण ताई, कपॅसिटी नसते एकेकाची. जबरदस्ती करू नका." कल्याण कुणाचं होतं ते मला माहीत होतं. नापास कुणी व्हायला नको, क्लासचा निकाल शंभर टक्के दिसायला हवा. मी विचारलं, "सर, तुम्ही त्या बॅचला एकदा तरी शिकवलंय का?" ते हसले. अशा माणसांना हसू फार चटकन येतं.

पूजाचे वडील सरांच्या शब्दाबाहेर नव्हते. लूमवर दिवस काढणाऱ्या माणसाला पांढऱ्या शर्टातला माणूस बोलला की ते शास्त्रच वाटतं. पूजाने बेसिक घेतलं. तिला माझ्यासारखं लॅबमध्ये काम करायचं होतं. माझी लॅब बघायला एकदा आली होती, तेव्हा ओव्हनच्या काचेला नाक लावून उभी होती. पत्र्याखालची जवळजवळ सगळी बॅच बेसिकला गेली. मुक्ता गेली नाही. ती घरी येऊन एवढंच म्हणाली, "मला सायन्सला जायचंय. जमेल का ते मी बघते, सर कोण बघणारे?" मग रोज संध्याकाळी आमच्या घरात गणित. मला जेवढं येत होतं तेवढं मी दिलं, नव्हतं येत ते दोघींनी मिळून फोडलं. ती रडायची, वही फेकायची, पुन्हा उचलायची. निकाल लागेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. चुकली असती तर 'सांगितलं होतं' म्हणायला सगळी डिंडोली तयार बसली होती.

निकाल लागला. गणितात तिला स्टार बॅचमधल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त मार्क पडले.

परवा सर घरी आले. पेढ्यांचा बॉक्स, बरोबर मोबाइलवाला फोटोग्राफर. मायने त्यांना खुर्ची दिली, मी चहा ठेवला. सर म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, या मुलीत काहीतरी आहे." मी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर जराही खोट नव्हती. तोच शेठ, वाकून बघणारा. अरे, ये तो फ्रेश है. बॅनरवर वरच्या ओळीत जागा ठेवली होती, फक्त एक चांगला फोटो हवा होता, आणि मी याच क्लासची आहे एवढं मुक्ताचं एक वाक्य कॅमेऱ्यात.

मुक्ता दारात उभी होती. अजूनही बारीक आहे, दाराची अर्धी चौकटही भरत नाही. समोरच्या ओट्यावर पूजा हिरव्या साडीला खडे चिकटवत बसली होती, ती आमच्या दाराकडे बघत नव्हती.

"सर, आमच्या बॅचच्या बाकीच्या मुली कुठे आहेत?" मुक्ताने विचारलं.

सरांना कळेना. "बाकीच्या?"

"पत्र्याखालच्या. आम्ही तीस जणी होतो. बॅनरवर कुणी नाही."

मी हे तिला कधी सांगितलं नव्हतं. टाकीचं, भटूचं, त्या दोन काळ्या डोळ्यांचं, काहीच नाही.

सर हसले. "अगं बेटा," ते म्हणाले, "कोण विचारतंय ते?"

"मी," मुक्ता म्हणाली. "मी विचारतेय."